उष्टं वल्हं

मुरुड कोळीवाडा, १४ ऑक्टोबर १९३३

ह्या वहीत मी फक्त घोळ मासळीचं लिहिणार होतो. कुठे घुमली, किती वाव खोल पाण्यात, भरतीला की ओहोटीला. चार इयत्ता शिकलोय त्या वाया कशाला घालवायच्या? पण पहिल्याच पानावर राग लिहायची वेळ आली. बरं, राग तर राग.

मी शिवदास. गुणाजी तांडेलाच्या होडीवर कान लावतो. घोळ मासा पाण्याखाली घुमतो, आणि एकटा नाही, सगळा थवाच्या थवा घुमतो. होडी थांबवायची, वल्हं पाण्यात उभं सोडायचं आणि वरच्या टोकाला कान टेकवायचा. आवाज लाकडातून वर चढतो. मी हात करीन तिकडे होडी वळते, मी मूठ मिटली की जाळं पडतं. आठ माणसांचा संसार एका कानावर. आधी आजोबा कान लावायचे, मग बाबा, आता बारा वर्षं मी. हंगामातल्या पहिल्या घोळीचं डोकं आमच्याच घरी येतं, असा मान आहे.

आता राग. हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात! तांडेल गुणामामा सुकाणूवरून काहीतरी पुटपुटतो. घरी बायको, केसर, चुलीकडे तोंड करून बोलते, आणि वर मलाच म्हणते, "अवो, जरा मोठ्यानं बोला की! तोंडात गुळणी हाय का?" माझा आवाज मला स्वतःला ढोलासारखा ऐकू येतो आणि तिला येत नाही. मग बहिरं कोण? मासळीबाजारात शंभर बाया एकदम कोकलतात, तिथं मला शब्दन् शब्द कळतो. बहिऱ्याला कळला असता काय?

२३ ऑक्टोबर

एकतीस घोळी. राजपुरीच्या समोर, नऊ वाव पाणी, भरतीला.

धर्माचं काहीतरी करायला हवं. धर्मा म्हणजे केसरचा धाकटा भाऊ. होडीवर माझ्या पाठीशीच असतो. हल्ली तोही आपलं वल्हं पाण्यात सोडून कान लावतो. "शिकतो दाजी," म्हणतो. मला काय दिसत नाही? माझ्या जागेवर डोळा आहे त्याचा. घोळ आली की ह्याचा पाय फळीवर थडथड आपटायला लागतो, एवढा उतावळा. फळी माझ्या पायाखालीच असते. लगेच मलाही घोळ ऐकू येते. त्याच्याआधी येत नाही हे खरं आहे, पण त्याच्या आपटण्याने माझं लक्ष लागतं, एवढंच.

५ नोव्हेंबर

धर्मा आठ दिवसांसाठी श्रीवर्धनला लग्नाला गेला. सुटलो बाबा एकदाचा. जाताना म्हणाला, "दाजी, मी येईस्तोवर होडी नेऊ नका की." मी नसलो तर तुमचं काय होईल, असा तोरा! मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो केसरकडे बघत राहिला, केसर जमिनीकडे.

८ नोव्हेंबर

लिहावं की नाही?

कांसा किल्ल्याच्या बाहेर होतो. वल्ह्याला कान लावला तर गुरगुर आली, अगदी स्पष्ट. मी मूठ मिटली, जाळं पडलं. खाली खडक निघाला. मधोमध दहा हात जाळं फाटलं आणि वर आलं ते शेवाळ. आणि आमच्यापासून दोन दोर अंतरावर दादूच्या होडीनं जाळं टाकलं आणि पन्नासावर घोळी काढल्या! दादू म्हणे, एवढी घुमत होती की होडीच्या तळाशी बसून कळत होतं.

ती गुरगुर आता घरीही येते आहे. अंगणात बसलोय, दर्या लांब, वल्हं नाही, काही नाही, तरी डाव्या कानात गुरगुर चालूच.

गुणामामा माझ्या अगदी तोंडाजवळ आला आणि ओरडला, "शिवा, तुला आयकू येत न्हाय!" सगळ्या होडीसमोर बोलला. बाबांच्या माघारी त्यानंच मला कान लावायला बसवलं होतं. त्याचे डोळे भरलेले होते, म्हणून मी खाली वाकून फाटलेलं जाळं आवरायला घेतलं.

१० नोव्हेंबर

केसरशी कडाक्याचं भांडण. मी म्हटलं, धर्मानंच मामाचे कान भरले. तशी ती विळी टाकून उठली. "दोन वर्सं! दोन वर्सं माझा भाव पाय आपटतोय म्हणून तुमचा मान हाय! त्याला काय नाचायची हौस आली व्हती?"

ह्या वेळी ती चुलीकडे तोंड करून बोलली नाही. मला सगळं ऐकू आलं.

१३ नोव्हेंबर

धर्मा परत आला. आजपासून तो कान लावतो आणि मी होडीतलं पाणी उपसतो. दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही त्यानं. मीही नाही. पंधरा घोळी मिळाल्या.

मी चाळीस वर्षांचा आहे. पाणी पोरंसोरं उपसतात.

१९ नोव्हेंबर

आमची आई, भागुबाई, वीस वर्षं ठार बहिरी आहे. तिला खुणेनं सांगितलं, मीही तुझ्या वाटेनं निघालो. ती हसली, मग रडली, मग तिनं डबा काढला. घोळीच्या डोक्यात कानाच्या जागी दोन पांढरे खडे असतात. मानाच्या डोक्यांतले सगळे खडे आईने साठवलेत, आजोबांच्या वेळचेसुद्धा. तिचं म्हणणं, घोळ ज्यानं ऐकते त्यानं माणूस का नाही ऐकणार? खडे सहाणेवर उगाळले, खोबरेल घातलं, कोमट केलं आणि दोन्ही कानांत ओतलं. चार दिवस सकाळ-संध्याकाळ.

आता काहीच ऐकू येत नाही. मेलोच!

२ डिसेंबर

केसरला हल्ली बाजारातून यायला उशीर होतो. दवाखान्यातल्या नव्या डाक्तरांच्या घरी बोंबील द्यायला जाते म्हणे. त्यांच्या घरी खाणारी माणसं दोन, रोज एवढे बोंबील करतात तरी काय?

आज तेच डाक्तर, इक्बाल परकार त्यांचं नाव, कोळीवाड्यात बोंबील वाळवतात कसे ते बघायला आले. आमच्याच अंगणात टेकले. योगायोगच म्हणायचा, माझ्या कानाकडे त्यांचं लक्ष गेलं. आरसा कपाळाला बांधला आणि आत बघून तीनताड उडाले. "या अल्ला! अरे, कानात चुनाभट्टी लावलीस काय?"

दवाखान्यात नेलं आणि पितळी पिचकारीनं कोमट पाणी मारलं. आधी पाणी, मग पांढरा गाळ, मग एकदम बोराएवढा गोळा टणकन बशीत पडला. आणि मला डाक्तरांचा आवाज ऐकू आला! बाहेर टांग्याची घंटासुद्धा! मी त्यांचे पाय धरले. घरी पळत आलो, वाटेत भेटेल त्याला सांगितलं, कान सुटले, कान सुटले. केसरने पोरांना साखर वाटली.

३ डिसेंबर

घाई केली. गोळा निघाला म्हणून खड्यांनी आणलेलं बहिरेपण गेलं. दोन वर्षांचं तसंच आहे. वल्ह्याला कान लावून पाहिला, डाव्या कानातल्या गुरगुरीशिवाय काही नाही. सगळ्या वाड्याला साखर खायला घालून बसलोय. आता कुठल्या तोंडानं सांगू?

५ डिसेंबर

डाक्तरांनी परत बोलावलं होतं. बाकावर माझ्याआधी एक म्हातारा होता. आगबोटीच्या बॉयलरपाशी त्यानं उभा जन्म कोळसा टाकलेला, आणि बोलतो म्हणजे छप्पर उडवतो. मी बोलतो हळू, तो बोलतो मोठ्यानं, आणि बहिरे दोघंही.

डाक्तरांकडे दोन शिंगांचा पोलादी चिमटा आहे. गुडघ्यावर आपटला की गुणगुणतो. माझ्या कानापाशी धरला, मला जेमतेम कळलं. मग त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला आणि मी दचकलो! चांगला खणखणीत आवाज. मग म्हणाले, दात आवळ, आणि दांडा समोरच्या दातांवर टेकवला. सबंध डोकं घुमलं. "आता थांबला की हात वर कर," म्हणाले. मी हात वर केला तोवर त्यांनी चार वेळा घड्याळ पाहिलं. स्वतःच्या हाडावर लावून पाहिला तर त्यांना माझ्याआधीच बंद व्हायचा. बॉयलरवाल्या म्हाताऱ्याला मात्र कुठेच लावून ऐकू आला नाही.

डाक्तर पाटी घेऊन बसले आणि चित्रं काढून काढून समजावलं. मी घरी येऊन तशीच्या तशी इथे काढलीयत. बाहेरून आवाज येतो तो कानाच्या पडद्यावर आपटतो. पडदा म्हणजे ढोलाचं कातडं समज. त्याच्या मागे तीन हाडं, तांदळाच्या दाण्याएवढी. एक हातोडी, एक ऐरण आणि एक घोड्याची रिकीब. पडदा हलला की हातोडी हलते, ती ऐरणीला हलवते, ती रिकिबीला. आणि रिकीब दाबते ती शिंपल्याला. शिंपला! मी दोनदा विचारलं. खरंच, कानाच्या तळाशी गोगलगाईच्या शंखासारखा शिंपला आहे आणि त्यात खारं पाणी आहे! त्या पाण्यात बारीक बारीक केस डुलतात आणि ते डोक्याला सांगतात, आवाज आला. मी म्हटलं, "म्हंजी प्रत्येकाच्या कानात दर्या हाय?"

"आहे," डाक्तर म्हणाले. "त्या म्हाताऱ्याच्या दर्यातलं ते शेवाळ मेलं. बॉयलरच्या ठणठणाटानं मरतं, काही तापांनी मरतं, हिवतापाचं कोयनेल फार घेतलं तरी मरतं. ते परत उगवत नाही. तुझा दर्या ठणठणीत आहे. तुझी फक्त रिकीब जाम झालीय. तिच्या भोवती हाड वाढलं. म्हणजे बघ, पुढचं दार अडकलंय, घर शाबूत आहे. मी चिमटा हाडावर लावला तो मागच्या दारानं आत गेला."

मी बाजारातलं सांगितलं, की गोंगाटात मला नीट ऐकू येतं. ते टाळी वाजवून हसले. ह्या दुखण्याची हीच खूण म्हणे. गोंगाटात लोक ओरडून बोलतात, आणि गोंगाट माझ्या दारातून आत येतच नाही. माझाच आवाज मला मोठा वाटतो तो पण हाडातून येतो म्हणून. डाक्तर फार हुशार माणूस. मी न सांगताच त्यांनी विचारलं, "तुझ्या आईलाही हेच ना? दर बाळंतपणानंतर वाढत गेलं?" आईचं त्यांना कुठून कळलं, अल्ला जाणे.

मग मी विचारलं, दवा काय? त्यांनी पाटी पुसली. "दवा नाही, शिवदास. विलायतेत कोणी कोणी चाकू लावून बघतात. मी तुला तसं सांगणार नाही. खोटी आशा देऊन तुझी मासळी खाऊ, हे मला जमायचं नाही."

चांगला माणूस आहे. पण घरी येताना मला दोनदा वाटेत बसावं लागलं.

९ डिसेंबर

आज जे झालं ते सगळं लिहितो.

कांशाजवळ होडी उभी होती. सगळे पुढे नाळीकडे भाकरी खात होते, मी मागे पाणी उपसत होतो. धर्माचं वल्हं पाण्यात उभंच होतं. मनात काय आलं कोण जाणे, म्हणजे काय आलं ते ठाऊक आहे, तो चिमटा आला. वाकलो आणि वल्ह्याच्या टोकाला दात रोवले.

आई शपथ! माझ्या डोक्यात दर्या आला. तळाशी काहीतरी कडकड, तडतड, तेलात फोडणी पडावी तशी. वाळू सरकते ती. होडीखाली पाणी चाटतं ते. दोन वर्षांत विसरलोच होतो. आणि ह्या सगळ्याच्या मागे, लांब, दक्षिणेला, घुम्... घुम्... घुम्. तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी, तरी मी सोडलं नाही.

मानगूट धरून गुणामामानं मला ओढलं. "वल्ह्याला उष्टं तोंड! शिवा, ह्यो धंदा?"

चूक माझीच. नारळी पुनवेला ज्या वल्ह्यांना हळदकुंकू लावतो, ज्यांना ओलांडून कोणी जात नाही, त्यातलं एक मी तोंडात घातलं. मी "घोळ, घोळ" म्हणत होतो, कोणी ऐकेना. एकजण म्हणाला, बहिरा होता, आता येडापण झाला. मामानं वल्हं खाऱ्या पाण्यानं तीनदा धुतलं, नारळ फोडला, होडी परत फिरवली. दक्षिणेला घोळ घुमतच होती.

मला होडीवर बंदी. माघी पुनवेला धर्माच्या डोक्याला कान लावणाऱ्याचा लाल रुमाल कायमचा बांधणार.

१४ डिसेंबर

काठावर बसून जाळी विणतो. बायकांत.

१६ डिसेंबर

धर्मा आला. खांद्यावर मोडकं वल्हं, पात्याशी चिरलेलं. माझ्यासमोर टाकलं आणि ओरडला, "दाजी, ह्ये पूजेतलं न्हाय! ह्याला पायजेल तेवढं चावा!"

मी म्हटलं, "रुमाल तुला मिळतोय, तुला काय पडलंय?"

तो म्हणाला, "मला आयकू येतं, दाजी, पन समजत न्हाय. किती लांब, किती मोठा थवा, कुठल्या अंगाला सरकतोय, ते तुमीच समजता. मी नुसता पाय आपटतो."

मी त्याला काय काय समजत होतो! ह्या वहीतली मागची पानं फाडावीत असं वाटलं. नाही फाडली. माझी लाज मलाच वाचायला हवी.

२८ डिसेंबर

वल्हं तासून झालं. चीर पडली तिथं सुतळी आणि राळ. वरचं टोक दाढांत बसेल असं निमुळतं केलं. खाडीच्या तोंडाशी छोट्या होडक्यातून धर्मा आणि मी रोज जातो. डाक्तर एक दिवस आले, रोजे चालू असून. सांगून गेले, समोरचे दात नकोत, दाढांत धर, ओठ मिट, आणि वल्ह्याला दुसरं काही टेकू देऊ नको. खूप फरक पडतो.

तिकडे दर्यावर सगळ्यांचं वाईट चाललंय. उत्तरेचा वारा थांबायला तयार नाही. शिडं फडफडतात, दोर शिट्या घालतात, कोणालाच घोळ ऐकू येत नाही. दादूची होडीसुद्धा रिकामी येते. कोळीवाड्यात चुली थंड आहेत.

६ जानेवारी १९३४

केसर गुणामामाच्या दारात जाऊन बसली. सकाळी बसली ती दुपारीही तिथंच. ती काय बोलली मला ठाऊक नाही, पण सगळ्या वाड्यानं ऐकलं म्हणतात. शेवटी मामानं कबूल केलं. एक दिवस. पूजेच्या वल्ह्यांना मी हात लावायचा नाही, आपलं उष्टं लाकूड आपण आणायचं. घोळ नाही मिळाली तर जन्मभर काठावर, पुन्हा तोंड उघडायचं नाही.

"उघडायचं न्हाय म्हंजी चावायचं पन न्हाय," मामा म्हणाला. विनोद होता बहुतेक. कोणी हसलं नाही.

१० जानेवारी

आजचं सगळं आजच लिहितो, अक्षर वेडंवाकडं आलं तरी.

पहाटे निघालो. वारा मरणाचा. कांशाच्या पुढे दादूची होडी परत येताना भेटली. दादूनं हातानंच खूण केली, काही नाही, जाऊ नका. मामा माझ्याकडे बघत होता. मी दक्षिणेला हात केला.

चौदा वाव पाण्यावर थांबलो. उष्टं वल्हं सोडलं, दाढांत धरलं. कडकड, तडतड, बाकी काही नाही. हलवा. पुन्हा थांबलो. काही नाही. पाच वेळा थांबलो, पाच वेळा काही नाही. होडीतल्या लोकांचे चेहरे मला वाचता येतात, दोन वर्षं तेच तर करत होतो. एकानं थुंकून तोंड फिरवलं. मामानं वर सूर्याकडे पाहिलं.

सहाव्यांदा दात रोवले आणि आली. एक नाही, दहा नाही. घुम् घुम् घुम् घुम्, एकात एक मिसळून, सलग! वारा कुठे? शिडाची फडफड कुठे? माझ्या डोक्यात फक्त घोळ होती. ह्या बाकीच्यांच्या कानांची दारं उघडी, म्हणून वारा आत घुसून सगळं बुडवत होता. माझं दार बंद! कुजक्या रिकिबीचे पाय धरावेसे वाटले.

मी हात केला, डावीकडे, थोडं पुढे. मामानं धर्माला खूण केली, तू लाव कान. धर्मानं आपलं वल्हं सोडलं, किती तरी वेळ ऐकलं. मग मान हलवली. "मामा, वाऱ्याबिगर मला कायबी आयकू येत न्हाय." आणि लगेच म्हणाला, "पन दाजीला येतंय. माझा इस्वास हाय."

मामा माझ्या समोर येऊन उकिडवा बसला. ओठ माझ्या डोळ्यांसमोर हलवून विचारलं, "किती लांब?" मी बोटं दाखवली. "सरकतेय?" मी हात काठाकडे फिरवला. त्यानं एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि उठून सुकाणू फिरवलं.

मी मूठ मिटली नाही. सगळे टवकारून बघत होते, मी नाहीच मिटली. थवा आमच्याकडे सरकत होता. येऊ दे, म्हटलं. येऊ दे. दाढा ठणकायला लागल्या. मग आवाज एवढा झाला की वल्हं हातात थरथरलं, आणि मी मूठ मिटली.

जाळं गेलं. मग नुसतं थांबायचं. मी वल्हं सोडून डोळे मिटले होते. मला कोणीतरी गदागदा हलवलं, बघतो तर धर्मा, आणि तो तोंड उघडून ओरडत होता. जाळ्याचे सगळे लाकडी तरंगे पाण्याखाली गेले होते. सगळेच्या सगळे!

एकशे बारा घोळी. सात माणसांनी ओढून ओढून दोन्ही हातांची सालटी निघाली. होडी एवढी दबली की मधोमध काठाची फळी पाण्याला टेकली. अर्ध्या वाटेत मामानं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि माझ्या कपाळावर आपलं कपाळ टेकवून मोठ्यानं बोलला. आणि काय सांगू, मला सगळं नीट ऐकू आलं, हाडातून हाडात. "शिवा, रुमाल तुझाच. मी चुकलो."

बंदरावर बायका टोपल्या घेऊन पाण्यात शिरल्या. केसरनं मला बघितलं, घोळी बघितल्या, आणि तिथंच भर पाण्यात फतकल मारून बसली. मी ओरडलो. ओरडलोच असणार, कारण सगळे वळून बघायला लागले. डाक्तर सांगतात मी हळू बोलतो. आज नाही!

१९ जानेवारी

परवा ईद झाली. डाक्तरांकडे केसर आणि मी मोठी घोळ घेऊन गेलो. त्यांची बेगम केसरला बघून हसली आणि म्हणाली, "ये गो, आज बोंबील नाही आणलेस?" दोघींचं बरंच जमलेलं दिसतं. डाक्तरांनी शीरखुर्मा दिला आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मी वल्ह्याचं सांगितलं तेव्हा ते खुर्चीवरून उठले. "अरे, मी चिमटा तुझ्या दातावर टेकवला, घोळीपर्यंत मला नसतं पोचता आलं. हे तुझं आहे." मग खालच्या आवाजात, म्हणजे त्यांच्या मानाने खालच्या, विचारलं, मलाही एकदा चावायला मिळेल का. दादूच्या होडीवरून आधीच दोघांनी विचारलंय. चार माणसं मोडकी वल्ही शोधत फिरतायत. चांगले कान असलेली माणसं वाऱ्याच्या दिवशी कानात कापूस कोंबून लाकूड चावतात, आणि मी त्यांना शिकवतो.

१२ फेब्रुवारी, हरेश्वर

शिवरात्र. काल बायकांना घेऊन होडी हरेश्वरला आली. जत्रेला बायका होडीत चालतात, मासळीला नाही. म्हणून मी मामाला आधीच विचारून ठेवलं होतं, वाटेत एकदा थांबशील का. कशाला, ते सांगितलं तर त्यानं हातातलं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाला, "जाळं टाकायचं न्हाय. नुसतं थांबू."

श्रीवर्धन मागे पडल्यावर मी उष्टं वल्हं सोडलं. घोळ होती, लांबवर, थोडीशी. मी आईला खुणेनं बोलावलं. ती गर्दीतून रांगत आली. तिच्या तोंडाशी वल्हं धरलं तर तिनं बोळकं उघडून दाखवलं. दात कुठायत मला, म्हणून हसायला लागली. मी विसरलोच होतो. मग तिचं डोकं धरलं, कानामागचं हाड टोकाला टेकवलं आणि दाबून धरलं.

होडीत तीस बाया, त्यांची पोरं, ताशे, गाणी, नुसता कल्ला. आईचे डोळे मोठे मोठे होत गेले. वल्हं कलायला लागलं, कारण माझे दोन्ही हात तिच्या डोक्याला होते. तेव्हा गुणामामा सुकाणू धर्माकडे देऊन आला, खाली बसला, आणि ते उष्टं वल्हं आपल्या दोन्ही हातांनी घट्ट उभं धरलं. आईनं जन्मभर घोळी विकल्या, चिरल्या, खारवल्या. वीस वर्षांत तिला नातवंडांचं रडणं ऐकू आलं नव्हतं. आमच्या तीन पिढ्यांतल्या एकाही बाईनं घोळ कशी घुमते ते ऐकलं नव्हतं.

आई इतकी हळू बोलते की तिच्या ओठांवर कान न्यावा लागतो. ती आई मान न हलवता, डोळे न मिटता, सगळ्या होडीवर केवढ्यांदा ओरडली.

"गप ऱ्हावा गो मेल्यांनो! मला आयकू द्या!"

ताशा थांबला. केसरनं मांडीवरच्या पोराच्या तोंडावर हात ठेवला. आई ऐकत होती तोवर होडीत कोणी चकार शब्द काढला नाही.